व्हीलचेअरपर्यंत कुत्रा पोचायला साठ वर्षं का लागली

दुपारी घरात एकटं असताना हातातून मोबाइल निसटून फरशीवर पडला, की व्हीलचेअरवरच्या माणसाचं त्या वेळेपुरतं सगळं अडतं. वाकावं तर तोल जाऊन तोंडावर पडायची भीती. फोन वाजत राहतो आणि आपण बघत राहतो. परभणीत राहून मी हे कितीदा भोगलंय. म्हणून पडलेली वस्तू उचलून मांडीवर आणून देणारा, दाराला बांधलेली दोरी ओढून दार उघडणारा, दिव्याचं बटण दाबणारा कुत्रा परदेशात असतो हे कळलं, तेव्हा पहिला प्रश्न पडला : आपल्याकडे का नाही? उत्तर शोधत मागे गेलो तर दिसलं, की तिकडंही तो सहजासहजी आला नव्हता.

सुरुवात अंधांपासून झाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी १९१६ साली जर्मनीतल्या ओल्डेनबर्गला वाटाड्या कुत्र्यांची शाळा काढली. १९२७ मध्ये डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी अशा कुत्र्यांवर लेख लिहिला. तो ऐकून मॉरिस फ्रँक नावाच्या अंध तरुणानं त्यांच्याशी संपर्क साधला, स्वित्झर्लंडला जाऊन तो 'बडी' नावाची कुत्री घेऊन परतला, आणि १९२९ साली अमेरिकेत 'सीइंग आय' ही संस्था उभी राहिली.

व्हीलचेअरवाल्यांचं नाव मात्र या सगळ्यात कुठंच नाही. कारण कठोर आहे. पाठीच्या मज्जारज्जूला मार लागलेला माणूस तेव्हा फार दिवस जगतच नसे. बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा, चिघळायच्या, लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जायचा. १९४४ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला खास विभाग सुरू केला, दर काही तासांनी कूस बदलण्यासारख्या साध्या गोष्टी काटेकोर पाळल्या, आणि अशी माणसं वर्षानुवर्षं जगू लागली. पण जगणं वेगळं आणि आपल्या घरात आपल्या मनानं राहणं वेगळं. आपल्या मनानं राहण्याची ही मागणी घेऊन १९७२ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमध्ये एड रॉबर्ट्स या व्हीलचेअरवरच्या कार्यकर्त्यानं आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभं केलं.

मग कुत्रा आला. १९७५ साली, त्याच कॅलिफोर्नियात. आशियात फिरताना अपंग माणसं गाढवांच्या आधारानं पोटापाण्याचा धंदा करताना बॉनी बर्गिन यांनी पाहिली होती, आणि गाढवाच्या जागी कुत्रा का नको, असं त्यांना वाटलं. हातापायात बळ नसलेल्या केरी नॉस या तरुणीला त्यांनी 'अब्दुल' नावाचा कुत्रा दिला. व्हीलचेअरसोबत काम करणाऱ्या शिकवलेल्या कुत्र्यांची परंपरा या जोडीपासून धरतात. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो : आधी जीव वाचला, मग घर मिळालं, मग कुत्रा.

कायदा त्याच्याही नंतर. अमेरिकेत १९९० च्या अपंग हक्क कायद्यानं दुकानाची, हॉटेलाची दारं अशा कुत्र्याला उघडली. तिथं मालकाला दोनच गोष्टी विचारता येतात : अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? ओळखपत्र मागता येत नाही.

एक कुत्रा तयार व्हायला साधारण दोन वर्षं जातात. पिल्लू वर्षभराहून जास्त काळ एखाद्या कुटुंबात वाढतं, बाजार, जिने, गर्दी यांना सरावतं, मग काही महिने प्रशिक्षकाकडे राहतं, आणि शेवटी माणूस आणि कुत्रा एकत्र शिकतात. बरेचसे कुत्रे मध्येच गळतात.

आता आपल्याकडचं. मराठवाड्याला कुत्र्याचं वावडं नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. धनगराचा कुत्रा रात्रभर मेंढरं राखतो. कारवान, पश्मी ही आपली लांब पायांची शिकारी जात. पण नजरेला पडलं त्याच्यामागं धावणं हा तिचा पिंड. पडलेली वस्तू दात न लावता आणून देणं हा लॅब्रॅडोरचा, आणि मे महिन्यात तापलेल्या डांबरावर त्या बिचाऱ्याचे पाय भाजतील. शिवाय गल्लीतली मोकाट कुत्री त्याला चार पावलंही सुखानं चालू देणार नाहीत.

सरकारच्या १९८१ पासूनच्या 'एडिप' योजनेतून व्हीलचेअर, तीनचाकी, कुबड्या मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'वाजवी सोय' हा शब्द आहे, आणि माझ्या मते कुत्र्याची मागणी त्या शब्दाला धरूनच करता येईल. पण विहिरीत पडून किंवा ट्रॅक्टर उलटून कंबर मोडलेला आपल्याकडचा शेतकरी अजून पहिल्याच पायरीवर आहे. त्याला बेडसोरपासून वाचवणारी गादी मिळत नाही, घराच्या उंबऱ्याला रॅम्प नाही. मी दोन्ही मागतो, गादीही आणि कुत्राही, आणि एकासाठी दुसरं थांबवावं असं मला वाटत नाही.