डरहॅम : बिशपांचा कोळसा, कामगारांचे कॅथीड्रल

जुलैतल्या दुसऱ्या शनिवारी उत्तर इंग्लंडमधल्या डरहॅम शहरात सकाळपासून ब्रास बँड वाजू लागतात. आसपासच्या खाणगावांतले लोक आपापल्या खाणीचे मोठे रेशमी बॅनर घेऊन रस्त्याने निघतात आणि नदीकाठच्या रेसकोर्स मैदानावर जमतात. दुपारी त्यांतले काही बॅनर, विशेषतः नव्याने शिवलेले, कॅथीड्रलमध्ये नेतात आणि तिथे त्यांना आशीर्वाद दिला जातो. कामगार संघटनेची मिरवणूक थेट कॅथीड्रलमध्ये जाते, याचे नवख्याला आश्चर्य वाटते. या शहरात धर्मपीठ आणि कोळसा यांचे नाते किती जुने आहे, ते पाहिले की उलगडा होतो.

शहराची सुरुवात एका संताच्या अस्थींपासून होते. लिंडिसफार्न बेटावरचे संत कथबर्ट ६८७ मध्ये वारले. व्हायकिंगांच्या धास्तीने ८७५ मध्ये तिथल्या भिक्षूंनी त्यांची शवपेटी उचलली आणि बेट सोडले. वर्षानुवर्षे भटकून, मध्ये शतकभर चेस्टर-ले-स्ट्रीटला राहून ही मंडळी ९९५ मध्ये विअर नदीच्या वळणात उभ्या असलेल्या टेकडीवर स्थिरावली. तीन बाजूंनी पाणी आणि उभे कडे. अशी जागा राखायला सोपी. नॉर्मन राजवट आल्यावर १०९३ मध्ये आजच्या कॅथीड्रलचा पाया घातला गेला आणि अवघ्या चाळीस वर्षांत त्याचा मुख्य भाग उभा राहिला. इतक्या विस्तीर्ण छताला दगडी कमानींच्या बरगड्यांचा आधार देण्याचे तंत्र युरोपात प्रथम इथेच मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले. पुढची गॉथिक चर्चे याच वाटेने गेली.

स्कॉटलंडची सरहद्द जवळ होती, म्हणून राजाने इथल्या बिशपांना जवळजवळ राजासारखे अधिकार दिले. त्यांची स्वतःची न्यायालये होती, टांकसाळ होती, सैन्य होते. हे अधिकार १८३६ पर्यंत टिकले. त्याआधी चारच वर्षे, १८३२ मध्ये, शेवटचे सत्ताधारी बिशप व्हॅन मिल्डर्ट यांच्या पुढाकाराने विद्यापीठ स्थापन झाले. बिशपांचा किल्ला पुढे विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाला, तो आजही आहे.

या सत्तेच्या पायाखाली कोळसा होता, आणि तोही बिशपांचाच. १३५६ मध्येच बिशप हॅटफील्ड यांनी व्हिकमच्या पाच खाणी करारावर चालवायला दिल्या होत्या. विसाव्या शतकापर्यंत, काढलेल्या प्रत्येक टनामागे जमिनीच्या मालकाला रॉयल्टी मिळे, आणि चर्चची मालमत्ता सांभाळणारे आयोग देशातल्या सर्वांत मोठ्या रॉयल्टीधारकांपैकी एक होते. खाली उतरणाऱ्या माणसाच्या नजरेने हे पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात तो वर्षभराच्या करारपत्राने खाणमालकाशी बांधलेला असे; मध्येच काम सोडले तर तुरुंग. १८६९ मध्ये डरहॅम मायनर्स असोसिएशन ही खाणकामगारांची संघटना स्थापन झाली, १८७१ मध्ये सुरुवातीला वर्णिलेला बॅनरांचा मेळावा पहिल्यांदा भरला आणि पुढच्याच वर्षी ती करारपद्धत संपली. लोक या मेळाव्याला ‘बिग मीटिंग’ म्हणतात. त्याला सण म्हणता येईल, पण हक्क मागायला जमलेल्या माणसांनी सुरू केलेला सण.

चर्चशी संबंध कायम गोडीचे नव्हते. १८९२ च्या दीर्घ संपात बिशप वेस्टकॉट यांनी दोन्ही बाजूंना आपल्या घरी बोलावून तडजोड घडवली, म्हणून कामगारांनी त्यांना मान दिला. याउलट बिशप हेन्सन यांनी खाणकामगारांच्या वेतनाच्या मागणीवर टीका केली, तेव्हा १९२५ च्या मेळाव्यात संताप उसळला. गर्दीने बिशप समजून भलत्याच माणसाला धरले आणि नदीकडे रेटले. ते होते कॅथीड्रलचे डीन, म्हणजे तिथला कारभार पाहणारे धर्मगुरू, वेल्डन, जे विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याचे बिशप होते. पोलिसांनी त्यांची सुटका केली.

माझ्या मते हे नाते खऱ्या अर्थाने बदलले ते मृत्यूंमुळे. ज्या खाणीत त्या वर्षी जीव गेले असतील तिच्या बॅनरला काळे कापड गुंडाळायची रीत पडली. हेबर्नचे खाणकामगार रॉबर्ट सेंट यांनी वेल्समधल्या १९३४ च्या ग्रेसफर्ड दुर्घटनेतील २६६ मृतांसाठी रचलेली धून मेळाव्यात वाजते, तेव्हा मैदानावरची माणसे स्तब्ध उभी राहतात. १९४७ मध्ये, खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले त्याच वर्षी, कॅथीड्रलमध्ये खाणकामगारांचे स्मारक उभारले गेले. चारच वर्षांनी ईझिंग्टनच्या स्फोटात ८३ जण गेले.

खाणी बंद करण्याच्या सरकारी धोरणाविरुद्ध खाणकामगारांनी केलेल्या १९८४ च्या संपात नवे बिशप डेव्हिड जेंकिन्स यांनी पदग्रहणाच्याच प्रवचनात त्या धोरणावर उघड टीका केली. ज्या आसनावरून एके काळी खाणी भाड्याने दिल्या गेल्या, त्याच आसनावरून हे बोलले गेले, म्हणून त्याचे मोल मोठे. संप हरला. १९९३ मध्ये या भागातली शेवटची खाण, विअरमाउथ, बंद झाली.

मेळावा मात्र थांबला नाही. अनेक गावांनी वर्गणी काढून जीर्ण बॅनरांच्या जागी नवे करून घेतले आहेत, आणि त्यांच्यामागून आता अशीही तरुण मुले चालतात ज्यांच्या घरात खाणीत उतरलेले कोणी हयात नाही.