धमनीपासून यंत्रापर्यंत: एबीजीचा आकडा कुठे बिघडतो

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर 96 दाखवतोय, तरी रुग्ण गुंगीत चाललाय. सीओपीडीच्या रुग्णाला, म्हणजे विडी-सिगारेटने किंवा वर्षानुवर्षं चुलीच्या धुराने ज्याची फुप्फुसं खराब झाली आहेत त्याला, गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन लावून ठेवला की असं होऊ शकतं. ऑक्सिजन भरपूर पोचतोय, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही आणि ऑक्सिमीटरला तो दिसतच नाही. तो नेमका मोजायचा तर धमनीतलं रक्त काढावं लागतं. ही तपासणी म्हणजे एबीजी (आर्टेरियल ब्लड गॅस).

यंत्र मोजतं तो वायूचा दाब. सोड्याची बाटली उघडली की वायू फसफसून बाहेर येतो, कारण वरचा दाब गेलेला असतो. रक्तात वायू किती विरघळेल हेही दाबावरच ठरतं. 100 मिली धमनीच्या रक्तात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम 0.3 मिली असतो, तर हिमोग्लोबिनला धरून सुमारे 20 मिली. मग त्या थेंबभर ऑक्सिजनला एवढं महत्त्व का? कारण हिमोग्लोबिनवर किती ऑक्सिजन चढायचा आणि पेशींपाशी किती उतरायचा, हे त्याच्या दाबावर चालतं.

निरोगी माणसात सामू, म्हणजे पीएच, 7.35 ते 7.45, कार्बन डायऑक्साइडचा दाब 35 ते 45 मिमी पारा आणि ऑक्सिजनचा 80 ते 100 असतो. यातला शेवटचा आकडा गावाच्या उंचीप्रमाणे बदलतो. मुंबईत हवेचा दाब 760 मिमी. त्यातून श्वासमार्गातल्या बाष्पाचे 47 वजा करून 21 टक्के काढले की 150 येतात. फुप्फुसात येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपोटी आणखी 50 वजा होतात आणि वायुकोशात 100 उरतात. पुणं सुमारे 560 मीटरवर, तिथे हवेचा दाब साधारण 710. याच हिशोबाने पुण्यात 89 च्या आसपास उरतात. म्हणून पुण्यातल्या रिपोर्टवर 82 दिसलं तर लगेच घाबरायचं कारण नाही.

हे आकडे एकत्र बघण्याचं मोल डॉक्टरांना 1952 मध्ये कोपनहेगनला कळलं. पोलिओच्या साथीत ब्लेगडॅम रुग्णालयातल्या रुग्णांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइड, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट हा रक्तातला अल्कधर्मी घटक, वाढलेला दिसत होता. सामू न मोजताच डॉक्टर म्हणत होते की रक्त अल्कधर्मी झालंय. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी उलट सांगितलं: श्वासाचे स्नायू लुळे पडल्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठतोय आणि रक्त आम्लधर्मी होतंय. सामू मोजल्यावर त्यांचं म्हणणं खरं ठरलं. मग श्वासनलिकेत छिद्र करून नळी बसवली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशवी दाबत रुग्णांना श्वास दिला. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख पौल अॅस्ट्रप यांनी पुढे रुग्णालयात रोज वापरता येईल अशी मोजणीची पद्धत बसवली. त्याच दशकात अमेरिकेत लेलंड क्लार्क यांचा ऑक्सिजनचा आणि स्टो व सेव्हरिंगहाऊस यांचा कार्बन डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड तयार झाला.

आजही बहुतेक यंत्रांत हीच तत्त्वं आहेत. 37 अंशांवर ठेवलेल्या कक्षात सामूसाठी काचेचा इलेक्ट्रोड असतो. ऑक्सिजन पातळ पडद्यातून प्लॅटिनमवर पोचला की वीजप्रवाह वाहतो. जितका ऑक्सिजन तितका प्रवाह. कार्बन डायऑक्साइड पडद्यापलीकडच्या बायकार्बोनेटच्या द्रावणाचा सामू बदलतो आणि त्यावरून दाब कळतो. रिपोर्टवरचं बायकार्बोनेट मात्र या आकड्यांवरून काढलेलं असतं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण मूळ आकडा बिघडला की हिशोबही बिघडतो.

आणि मूळ आकडा बहुतेक वेळा यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच बिघडतो.

रक्त सहसा मनगटातल्या रेडियल धमनीतून घेतात. आधी रुग्णाला मूठ आवळायला सांगून मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबतात. मूठ उघडली की पांढरा पडलेला तळवा दिसतो. मग करंगळीकडची अल्नर धमनी सोडतात. तळवा 10 सेकंदांच्या आत लाल झाला, तर हाताला दुसऱ्या वाटेने रक्त मिळतंय असं समजतात. मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी देऊन हात किंचित मागे वाकवायचा, नाडी बोटाखाली धरायची आणि बारीक सुई 30 ते 45 अंशांत घालायची. धमनी लागली की दट्ट्या न ओढताही रक्त ठोक्याठोक्याने सिरिंजमध्ये चढतं. एक-दीड मिली पुरतं. नंतर ती जागा किमान 5 मिनिटं घड्याळ लावून दाबायची. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आणखी. मनगटावरचे काळेनिळे डाग बहुधा इथल्या घाईचे असतात.

आता बुडबुडा. खोलीतल्या हवेत ऑक्सिजनचा दाब 150 च्या पुढे आणि कार्बन डायऑक्साइडचा जवळजवळ शून्य. सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला की 55 ऑक्सिजन असलेला रुग्ण कागदावर बरा दिसू लागतो, आणि हीच चूक सगळ्यात धोकादायक. रक्त काढल्या काढल्या सिरिंज उभी धरून हवा बाहेर काढायची, टोपण लावायचं आणि मग सिरिंज तळव्यांत फिरवून रक्त हेपरिनमध्ये, म्हणजे सिरिंजमधल्या रक्त गोठू न देणाऱ्या औषधात, मिसळायचं. हा क्रम उलटला तर हवा रक्तात घुसळली जाते.

द्रव हेपरिनचाही असाच त्रास. साध्या सिरिंजमध्ये हेपरिन ओढून थोडं आत राहिलं आणि रक्त कमी घेतलं, तर कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट दोन्ही खोटे कमी दिसतात, सामू मात्र फारसा हलत नाही. कोरडं हेपरिन लावलेल्या तयार सिरिंजचे जास्तीचे पैसे इथे वसूल होतात.

सिरिंजमध्येही रक्तपेशी जिवंतच असतात. त्या ऑक्सिजन खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, लॅक्टेट वाढवतात. म्हणून तपासणी 30 मिनिटांच्या आत व्हायला हवी. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या असतील तर काही मिनिटांतच ऑक्सिजन घसरतो. सिरिंज बर्फात ठेवायची जुनी सवय काचेच्या सिरिंजच्या काळातली आहे. प्लास्टिकमधून बाहेरचा ऑक्सिजन आत झिरपतो आणि थंड रक्तात जास्त विरघळतो.

सुई कधी शिरेत जाते. ऑक्सिजन 40 च्या आसपास आला आणि ऑक्सिमीटर 97 दाखवत असेल, तर आधी नमुन्यावर शंका घ्यावी. चिठ्ठीवर रुग्णाला किती ऑक्सिजन चालू आहे हे लिहिलेलं नसेल, तर 90 हा आकडा चांगला की वाईट हे सांगताच येत नाही: साध्या हवेवर 90 ठीक, पण 60 टक्के ऑक्सिजनवर 90 म्हणजे फुप्फुसांची अवस्था गंभीर. ऑक्सिजन कमी-जास्त केल्यावर नमुना घ्यायच्या आधी 20 ते 30 मिनिटं थांबायचं तेही यासाठीच.

एका प्रसंगात मात्र नमुना निर्दोष असूनही एबीजी फसवते. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवून बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडने हिमोग्लोबिन अडवलेलं असतं. विरघळलेला ऑक्सिजन तरीही भरपूर, त्यामुळे त्याचा दाब नॉर्मल, त्यावरून काढलेलं सॅच्युरेशन, म्हणजे हिमोग्लोबिनवर चढलेल्या ऑक्सिजनची टक्केवारी, नॉर्मल आणि ऑक्सिमीटरही 98. खरी स्थिती फक्त को-ऑक्सिमीटर दाखवतो. तो अनेक तरंगलांबींचा प्रकाश रक्तातून सोडून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजतो. बऱ्याच एबीजी यंत्रांत तो असतो, पण सगळ्यांत नाही. म्हणून असा रुग्ण दवाखान्यात नेताना गिझरचं पहिल्याच वाक्यात सांगावं, आणि रिपोर्टची वाट न बघता पूर्ण ऑक्सिजन सुरू व्हावा: साध्या हवेवर कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर यायला 4 ते 5 तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण सव्वा ते दीड तास.