नळी, आटे आणि पकड: बॅरल व्हाईसची पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात भात पोटरीत आले की रानडुकरांचे कळप शेतात उतरू लागतात आणि पीक संरक्षणाच्या परवान्यावर बाळगलेल्या जुन्या बंदुका माळ्यावरून खाली येतात. त्यांतली एखादी नळीपाशीच अडून बसली, तर ती गावच्या लोहाराकडे नेता येत नाही. शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच न्यावी लागते. त्याच्या बाकावर साध्या बेंच व्हाईसशेजारी पोलादाचे दोन जाड ठोकळे जाडजूड बोल्टांनी एकमेकांवर आवळलेले असतात. बंदुकीची नळी फिरू न देता घट्ट धरून ठेवणारा हाच बॅरल व्हाईस. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्यांत आणि हायड्रॉलिक्सच्या कारखान्यांत वाढलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही, पण हे हत्यार अस्तित्वात का आले हे समजल्याशिवाय त्याची निवडही धड करता येत नाही.

याचे मूळ बंदुकीत नाही, स्क्रूच्या आट्यांत आहे. आपल्याकडील तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या बंदुकीची नळी लोखंडी पट्टी गजाभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून सांधलेली असे आणि ती लाकडावर धातूच्या कड्यांनी किंवा चामड्याच्या वाद्यांनी बांधलेली असे. कित्येक नळ्यांचे बूडही तापवून ठोकूनच बंद केलेले असे. अशा नळीत फिरवून काढण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून ती फिरू न देता धरून ठेवणाऱ्या जबड्याचीही कोणाला गरज पडली नाही.

बुडाला आटे पाडून त्यात बूच बसवण्याची युरोपीय पद्धत किती अवघड होती, याची एक जपानी हकीगत प्रसिद्ध आहे. १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या बंदुका तानेगाशिमा बेटावर पोहोचल्या. तिथल्या तलवारी घडवणाऱ्या लोहाराने नळी हुबेहूब बनवली, पण बुडाचा आटेदार बूच त्याला साधला नाही आणि ती विद्या पुढे पोर्तुगीज कारागिराकडून शिकावी लागली, असे परंपरा सांगते. त्याच पोर्तुगीजांचे गोवे चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, म्हणजे आपल्या अगदी शेजारी होते, हे या ठिकाणी सहज आठवते.

ठासणीच्या बंदुकीत हा बूच म्हणजे सगळ्या दुखण्याचे घर असतो. काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषते आणि घाटमाथ्याच्या पावसाळ्यात तर आटे गंजून नळीशी एकजीव होतात. असाच एक नग मी जवळून पाहिला आहे. कोणीतरी घरीच पाइप पाना लावून बूच फिरवण्याचा प्रयत्न केला होता. बूच हलला नव्हता, पण नळीवर पान्याचे दात असे उमटले होते, जणू उसाच्या कांडीला डुकराने तोंड लावावे. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी सर्वांत आधी ठासणीचा गज तोंडाकडून आत सोडला, तोंडाशी बोटाने खूण धरली, गज बाहेर काढून नळीला समांतर धरला आणि त्याचे टोक कानाच्या, म्हणजे दारू पेटवण्याच्या छिद्रापर्यंत पोहोचते का ते पाहिले. ते चार बोटे अलीकडे थांबले. म्हणजे आत जुना बार तसाच होता. अशा नळीला पकडणे दूरच, तिला उष्णता दाखवणेही जिवावर बेतू शकते. त्यामुळे त्या दिवशी व्हाईसला हातच लागला नाही.

नळी पकडण्याच्या कामाला खरे शास्त्र आले ते रायफलीबरोबर. १८५३ ची एनफिल्ड तोंडाकडून भरायची होती. १८६६ पासून तिच्याच नळीची मागची बाजू कापून तिथे आट्यांवर नवा सांगाडा, म्हणजे मागून काडतूस भरण्याचा भाग, बसवण्यात आला आणि ती स्नायडर झाली. १८७१ ची मार्टिनी-हेन्री आणि १८९५ ची ली-एनफिल्ड यांच्यात तर नळी सुरुवातीपासूनच सांगाड्यात पिळून बसवलेली होती. आता झिजलेली नळी बदलून बाकीची रायफल वाचवता येऊ लागली, मात्र त्यासाठी कारखान्यात आवळलेला सांधा नळी न वाकवता, न चेपता सोडवणे आले. ली-एनफिल्डच्या नळीला मागच्या टोकाशी एक सपाट भाग ठेवलेला असतो. लंडनचा बंदूककार हेन्री नॉक याने १७८७ मध्ये बुडाच्या सुधारित रचनेचे पेटंट घेतले होते. या सपाटीला ‘नॉक्स फॉर्म’ म्हणतात ते त्याच्याच नावावरून. लष्करी शस्त्रागारातील व्हाईसचे जबडे नेमके या सपाटीवर बसतात, त्यामुळे गोल अंगावर घसरण्याचा प्रश्नच उरत नाही. १९२२ पासून मराठा पायदळाचे प्रशिक्षण केंद्र असलेल्या बेळगावच्या कॅम्पात दोन-तीन पिढ्या याच रायफलीवर घडल्या.

छावणीबाहेर मात्र ही विद्या फारशी पसरली नाही आणि त्याचे कारण कायद्यात आहे. १८५७ च्या निःशस्त्रीकरणाच्या हुकमाविरुद्ध मुधोळजवळच्या हलगलीचे बेडर उठले आणि चिरडले गेले. १८७८ च्या कायद्याने परवाना ही शस्त्र बाळगण्याची अटच करून टाकली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ५ तर शस्त्र बनवणे आणि विकणे यांच्याबरोबरच दुरुस्त करणे आणि पारखणे यांनाही परवान्याखाली आणते. नळी आखूड करण्यावरचे बंधन कलम ६ मध्ये वेगळे आहे. बॅरल व्हाईस हा निव्वळ दोन ठोकळ्यांचा जोड आहे आणि तो ओतून, कातून देणारे हात उद्यमबागेत कमी नाहीत. पण त्यात बंदुकीची नळी धरण्याचा अधिकार फार थोड्यांना आहे.

इंग्रजी अमलात लष्करी .३०३ काडतूस नागरिकांना वर्ज्य होते. त्यामुळे ईशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्डच्याच धर्तीवर .३१५ बोरची शिकारी रायफल काढली आणि परवानाधारकांच्या घरात आजही तीच दिसते. अशा रायफलीसाठी व्हाईस निवडताना मी ठोकळ्यांच्या वजनापेक्षा आतल्या बुशाकडे, म्हणजे नळीभोवती बसणाऱ्या अस्तराकडे आधी पाहीन. नळी पुढे निमुळती होत जाते; सरळ भोकाच्या बुशात ती एका कडेवरच टेकते आणि सगळा दाब त्या एका रेषेवर येतो. अॅल्युमिनियमचा, त्या नळीच्या मापाला आणि उताराला बोअर केलेला, एका बाजूने चिरलेला बुश सर्वांत उत्तम. बाभळीसारख्या कठीण लाकडाचे ठोकळेही चालतात. सागाला मात्र अंगचे तेल असल्याने तो मला पसंत नाही. आवळल्यानंतर दोन ठोकळ्यांत थोडी फट उरलीच पाहिजे; ती मिटली, तर बोल्ट नळीला नव्हे, ठोकळ्यालाच ठोकळा आवळत असतात. हायड्रॉलिक जॅकवर चालणारे नमुने जोरदार असतात, परंतु पातळ नळीवर तो जोर हाताला कळत नाही, म्हणून रोजच्या कामाला मी बोल्टाचाच घेईन. आणि बाक जमिनीत पक्का रोवलेला नसेल, तर उत्तम व्हाईसही बाकासकट फिरतो.

वापरताना नळी आणि बुश दोन्ही तेलापासून पूर्ण स्वच्छ करावे लागतात आणि मध्ये राळेची बारीक पूड घालावी लागते, व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच. पकड सांगाड्याच्या अगदी जवळ हवी, नाहीतर मधली नळी पीळ खाते. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. फिरवायचे ते नळीला नव्हे, सांगाड्याला, आणि तेही त्याच्या आकाराला बेतलेल्या पान्याने. सांगाडा सपाट जबड्यात दाबून नळी फिरवणारा माणूस सांगाडाच तिरपा करून ठेवतो. पहिल्या महायुद्धातील काही अमेरिकन एनफिल्ड रायफलींच्या नळ्या इतक्या आवळलेल्या निघतात की सोडवताना सांगाड्याला तडा जाऊ शकतो. तिथे लेथवर नळीच्या खांद्याशी बारीक खाच पाडून सांध्यावरील ताण आधी मोकळा करतात.

बारा बोरच्या दुनळीचे मालकही कधीकधी हीच सोय मागतात, पण तिच्या दोन नळ्या कल्हईच्या झाळणाने जोडलेल्या असतात आणि ती हाताने मोडून उतरते. तिला या जबड्यात धरणे म्हणजे झाळण उकलण्याला आमंत्रण देणे आहे. रायफलीची नळी परत बसवताना उलट, काढण्याआधी नळी आणि सांगाडा यांच्यावर मिळून ओढलेली बारीक रेघ पुन्हा जुळेपर्यंत सांगाडा फिरवावा लागतो, कारण .३१५ चे दोन्ही नेम नळीवरच असतात. रेघ जुळल्यावरही गेज घालून काडतुसाच्या बुडामागची जागा मोजल्याखेरीज ती रायफल मालकाच्या हाती देत नाहीत.