लूशान
लूशान : चीनच्या ज्यांगशी प्रांताच्या उत्तर भागातील पर्वत व भूउद्यान (जिओपार्क). यांगत्सी नदीच्या दक्षिणेस, पोयांग सरोवरालगत. सर्वोच्च शिखर हानयांग (१,४७४ मी.). जागतिक वारसा यादीत १९९६ मध्ये, तर जागतिक भूउद्यानांच्या पहिल्या गटात २००४ मध्ये समावेश. ‘लू’ म्हणजे झोपडी; क्वांग नावाच्या तपस्व्याच्या झोपडीवरून नाव पडल्याची आख्यायिका आहे.

हा गट पर्वत आहे. प्रस्तरभंगांमधील ठोकळा उचलला गेल्याने कडे सरळसोट आहेत. भूवैज्ञानिक ली सिग्वांग (१८८९–१९७१) यांना १९३१ मध्ये येथे हिमगव्हरांसारखे (हिमनदीने डोंगरउतारावर कोरलेल्या वाटोळ्या खोलगट भागांसारखे) खळगे, यू आकाराच्या दऱ्या व मातीत रुतलेले प्रचंड धोंडे आढळले. त्यांवरून त्यांनी पोयांग, दागू व लूशान अशी तीन हिमयुगे मांडली. चीनमध्ये हे मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले, तरी काही परदेशी भूवैज्ञानिकांनी १९३० च्या दशकातच शंका घेतली होती. चिनी हिमनदीतज्ज्ञ शी याफंग व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या शंकेला सविस्तर रूप दिले. धोंडेमिश्रित निक्षेप चिखल-दगडांच्या लोंढ्यांनीही बनतात. दऱ्यांचे आकार खडकांची रचना व प्रस्तरभंग यांवरूनही उलगडतात. शिवाय चीनमधील ज्या तायबायशान पर्वतावर पूर्वी हिमनद्या होत्या हे निर्विवाद आहे, त्याची उंची ३,७०० मी.हून अधिक आहे. सु. २९.५° उत्तर अक्षांशावरील या बुटक्या पर्वतापर्यंत हिमरेषा (कायम बर्फ राहण्याची खालची मर्यादा) उतरली असेल, हे पटणे कठीण. त्यामुळे शंका घेणाऱ्यांचाच पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. भूउद्यानाच्या परिचयात मात्र हिमानी भूरूपेच अग्रभागी असतात.

भिक्षू ह्वेयुआन (३३४–४१६) याच्यासाठी तुंगलिन विहार सु. ३८६ मध्ये बांधला गेला. तेथे ४०२ मध्ये १२३ जणांनी अमिताभ बुद्धाच्या मूर्तीपुढे सुखावतीत (त्याच्या स्वर्गलोकात) जन्म मिळावा असा संकल्प केला. या मंडळाला ‘श्वेतकमल’ हे नाव बहुधा उत्तरकालीन परंपरेने दिले. भारतीय भिक्षू बुद्धभद्र याने सु. ४१० नंतर येथेच ध्यानविषयक ग्रंथाचे भाषांतर केले. ताओ पंथाचा लू श्यूचिंग (४०६–४७७) पाचव्या शतकात येथे राहिला. ह्वेयुआन व तो एकत्र हसल्याची कथा चित्रकारांना प्रिय आहे. मात्र ह्वेयुआन वारला तेव्हा लू दहा वर्षांचा होता.

येथील श्वेतमृग गुहा विद्यापीठ कन्फ्यूशियन तत्त्वज्ञ जू शी याने ११७९–८० मध्ये पुन्हा उभारले. माथ्यावरील गूलिंग ही थंड हवेची वसाहत १८९५ नंतर एडवर्ड लिटल या इंग्रज मिशनऱ्याच्या भाडेपट्ट्यातून वसली.