मोठा टीव्ही घेतला म्हणजे थिएटर घरी आलं?

‘५५ इंची टीव्ही घ्या, थिएटरची गरजच संपली’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. इंच वाचून तसं वाटणं साहजिक आहे. पण डोळ्याला महत्त्व इंचांचं नाही, कोनाचं. हात लांब करून मूठ धरा. तिची रुंदी साधारण १० अंश भरते. १० फुटांवरचा हा टीव्ही सव्वादोन मुठींत झाकला जातो. कोथरूडच्या किंवा कॅम्पातल्या थिएटरात मधल्या रांगेतून मोजा, बहुधा तीन-चार मुठी लागतील.

मला आवाजाचा फरक त्याहून मोलाचा वाटतो. थिएटरच्या पडद्याला सहसा बारीक छिद्रं असतात आणि स्पीकर त्यामागे, म्हणून संवाद थेट नटाच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. मध्यंतरात पडद्याजवळ जाऊन छिद्रं बघाच! घरी आवाज बहुतेकदा टीव्हीच्या खालून येतो.