साडेतीन मिलिमीटरचा फरक

वापरलेलं .357 मॅग्नम रिव्हॉल्व्हर हातात आलं की आधी ते रिकामं आहे याची खात्री करावी, मग सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, बाहेर वळवून उजेडाकडे धरावं. बऱ्याचदा त्यातल्या प्रत्येक चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसायच्या भोकाच्या, आत एक काळपट-राखाडी कडं दिसतं. अनेक जण त्याला नुसता मळ समजतात. खरं तर त्याचं मूळ 1935 सालच्या एका निर्णयात आहे.

त्या वर्षी स्मिथ अँड वेसन या अमेरिकी बंदूक कंपनीनं .357 मॅग्नम हे काडतूस बाजारात आणलं. गोळीचा व्यास जुन्या .38 स्पेशल काडतुसाचाच, दाब मात्र कितीतरी जास्त. हे काडतूस चुकून जुन्या .38 रिव्हॉल्व्हरमध्ये भरलं गेलं तर सिलिंडर फुटण्याची भीती. म्हणून पुंगळीच, म्हणजे काडतुसाचं धातूचं नळकांडंच, लांब केली : .38ची 1.155 इंच, मॅग्नमची 1.290 इंच. हा जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा फरक, पण त्यामुळे लांब काडतूस जुन्या चेंबरमध्ये पूर्ण बसतच नाही. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो. उलट दिशेनं मात्र वाट मोकळीच राहिली. मॅग्नममध्ये .38 खुशाल बसतं, आणि आखूड पुंगळीच्या तोंडापुढे उरलेल्या जागेत प्रत्येक बार उडाला की काजळी आणि शिसं साचत जातं. पुढे लांब पुंगळी त्याच कड्यावर अडते. कशीबशी बसली तरी बार झाल्यावर निघता निघत नाही.

शिशाचा त्रास त्याआधी नव्हता असं नाही. पण बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूची काजळी गरम पाण्यानं धुता यायची. शिसं पाण्याला दाद देत नाही. सुरुवातीच्या मॅग्नम काडतुसांत साधी शिशाची गोळी सेकंदाला दीड हजार फुटांच्या आसपास वेगानं सुटायची. गोळी नीट घट्ट बसली नाही की तापलेला वायू तिच्या कडेनं निसटतो आणि शिसं खरवडून चेंबरच्या तोंडाशी, नळीच्या सुरुवातीला चिकटवतो. बुडाला तांब्याची टोपी असलेल्या आणि पुढे तांब्याचं वेष्टन असलेल्या गोळ्यांनी हा त्रास बराच कमी केला.

अमेरिकेतल्या कित्येक पोलीस खात्यांत सराव स्वस्त, सौम्य .38वर आणि गस्तीला मॅग्नम अशी पद्धत होती. 6 एप्रिल 1970ला कॅलिफोर्नियात न्यूहॉल इथे महामार्ग पोलिसांचे चार जवान मारले गेले, तेव्हा ही तफावत चर्चेत आली. त्यानंतर मॅग्नमवरच सराव करण्याकडे कल वाढला. मग वेगळी झीज दिसू लागली. स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल 19सारख्या मध्यम चौकटीच्या (सांगाड्याच्या) रिव्हॉल्व्हरमध्ये नळीचं मागचं टोक खालून सपाट घासलेलं असतं. हलक्या, वेगवान गोळ्यांच्या माऱ्यानं नेमकी तिथेच चीर जाऊ लागली. 1980च्या सुमारास कंपनीनं त्याहून दणकट, ‘एल’ नावाची चौकट काढली.

पोलीस रिव्हॉल्व्हर सोडून आपोआप भरणाऱ्या पिस्तुलांकडे वळल्यावर ही जुनी रिव्हॉल्व्हरं बाजारात आली. त्यांतलं एखादं तपासताना आधी ब्राँझच्या ब्रशनं कडं काढावं, मगच निकाल द्यावा. अडकणारी पुंगळी पुष्कळदा मळामुळेच अडकते, चेंबर खराब असतं असं नाही. कड्याखाली धातू खरवडलेला दिसला तर मात्र तो मळ नव्हे. सिलिंडर पुढे-मागे हलवून पाहावं, आणि नळी व सिलिंडर यांमधली फट मोजावी. ती साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटर असते. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावरची काळी वर्तुळं दिसायला वाईट, पण निरुपद्रवी असतात. ती घासत बसू नये. शिशाची पूड विषारी असते. काम खेळत्या हवेत करावं आणि नंतर हात साबणानं धुवावेत.