मुरूम वेगळा, जांभा वेगळा

रस्त्याच्या कडेला लालसर डोंगर कापलेला दिसला की कोणी त्याला मुरूम म्हणतं, कोणी जांभा म्हणतं, आणि बऱ्याच जणांना दोन्ही एकच वाटतं. रंग जवळ जवळ सारखा, आणि महाराष्ट्रात दोन्ही बहुतेक करून काळ्या पाषाणापासूनच झालेले, त्यामुळे गोंधळ होतोच. पण विहीर पाडायची असो, घर बांधायचं असो की कोकणातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, एवढा पाऊस पडून उन्हाळ्यात पाणी का नसतं हे समजून घ्यायचं असो, हा फरक कळायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला, मग त्याच्यावर पुढचा थर, असं होत होत राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग त्याने झाकला गेला. उरलेलं म्हणजे मुख्यतः पूर्व विदर्भ आणि सिंधुदुर्गाचा काही भाग, तिथे ग्रॅनाइट, नाईस, वाळूचा खडक असे त्याहून कितीतरी जुने खडक आहेत.

आता या बेसाल्टच्या फटींमध्ये पाणी शिरतं, आतल्या काही खनिजांची हळूहळू चिकणमाती होते, लोखंडाला गंज चढतो आणि खडक भुसभुशीत व्हायला लागतो. ही अर्धवट कुजलेली अवस्था म्हणजे मुरूम. देशावर एखाद्या ताज्या कापलेल्या विहिरीत किंवा रस्त्याच्या कटिंगमध्ये नीट बघा, वर काळी माती, खाली पिवळट तांबूस मुरूम, आणि त्या मुरमात मधेच गोल गोल धोंडे अडकलेले असतात. तो धोंडा बाहेरून कांद्यासारखा पापुद्र्या पापुद्र्याने सुटत जातो आणि फोडला की आत अजून करकरीत काळा बेसाल्ट निघतो. म्हणजे कुजणं कडेने सुरू झालंय, गाभ्यापर्यंत गेलेलं नाही. मूळ खडकाच्या भेगा, पांढरे ठिपके, सगळं मुरमात ओळखता येतं, फक्त हाताने दाबलं की चुरा होतो.

जांभ्याची गोष्ट याच्या खूप पुढची आहे. भरपूर पाऊस, उष्ण हवा आणि पावसानंतर कडक कोरडे महिने असं चक्र फार दीर्घ काळ चाललं की खडकातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम सगळं पाण्याबरोबर धुऊन जातं आणि मागे राहतात ती लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. ॲल्युमिनियम खूप साठलं तर त्यालाच आपण बॉक्साइट म्हणतो, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडकडे तो याच जांभ्याच्या पट्ट्यात सापडतो. जांभ्यात मूळ बेसाल्टची खूण जवळपास पुसली जाते, आणि सिंधुदुर्गात तर काही ठिकाणी जांभ्याखाली बेसाल्ट नसतोच, जुना नाईस असतो, म्हणजे जांभा बनायला बेसाल्टच लागतो असं काही नाही.

जवळून बघितलात तर जांभा भोकाभोकांचा असतो, किड्यांनी पोखरल्यासारख्या वाकड्या नळ्या, त्यात पिवळी किंवा पांढरट माती भरलेली, आजूबाजूला तांबडा, तपकिरी, जांभळट रंग. चिरेखाणीत ताजा असताना तो सहज कापला जातो, पण बाहेर काढून उन्हावाऱ्यात ठेवला की त्यातली लोखंडाची संयुगं पाणी सोडून घट्ट होतात आणि चिरा टणक बनतो. मुरमाचं बरोबर उलटं, तो उघडा पडला की आणखी सुटत जातो. म्हणून जांभ्याच्या चिऱ्यांनी भिंत उभी राहते आणि मुरूम जातो जोत्याच्या भरावात नाहीतर रस्त्याच्या खाली. शंका असेल तर दोन्हीचे तुकडे पाण्यात टाकून ठेवा, नरम मुरूम बराचसा विरघळल्यासारखा सुटतो, घट्ट झालेला जांभा तसाच राहतो. कोकणात मात्र जांभ्याच्या भुग्यालाही लाल मुरूम म्हणतात, त्यामुळे तिथे नुसत्या नावावर विसंबून माल मागवू नका, बघूनच घ्या.

पाण्याचं वागणंही वेगळं. मुरमाच्या जाड थरात पाणी साठतं, देशावरच्या कित्येक विहिरी त्याच्यावर आणि त्याखालच्या भेगाळ खडकावर चालतात. जांभ्यातून मात्र पाणी भोकांमधून सरसर खाली जातं, तळाच्या चिकणमातीच्या थराला अडतं आणि आडवं वाहत उताराला झरा म्हणून बाहेर पडतं. म्हणून सडा कोरडा आणि खालच्या वाडीत झरा, हे रत्नागिरीत नेहमीचंच चित्र आहे.

आणि जांभा फक्त किनाऱ्यालगत नसतो बरं. महाबळेश्वर, पाचगणीचं टेबललँड, कास, मसाई पठार, या सगळ्यांच्या डोक्यावर जांभ्याचीच टोपी आहे. कासला माती इतकी पातळ आणि कसाला इतकी कमी की सीतेची आसवं, दवबिंदू यांसारख्या वनस्पती किडे पकडून आपली गरज भागवतात. मला तर फुलांइतकाच तो खालचा खडक महत्त्वाचा वाटतो, कारण तो फोडला की फुलंही गेली. कोकणातल्या सड्यांवरची बारसू, उक्षी, कशेळीची कातळशिल्पंही याच जांभ्यात कोरलेली आहेत, मुरमात ती एक पावसाळासुद्धा टिकली नसती.

अजून एक तिसरा प्रकार या दोघांत घुसतो, तो म्हणजे घाटातल्या कड्यांत दोन काळ्या थरांच्या मधे दिसणारा विटकरी पट्टा. तो जांभाही नाही आणि मुरूमही नाही. दोन लाव्हांच्या मधल्या काळात खडक झिजून तयार झालेली ती माती, वरून नवा लाव्हा आला आणि तिच्यावर बसला. लोक त्याला गेरू म्हणतात. बोअर मारताना हा थर लागला की तो फुगतो, ढासळतो, त्यामुळे तिथे केसिंग पाईप घालायचं टाळू नका.